घोड्याचा गुडघा : सापडायला अवघड, शिवायला त्याहून अवघड

३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे ऋषभ पंतच्या गाडीला अपघात झाला. उजव्या गुडघ्याची लिगामेंट फाटली. जानेवारीत मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि मार्च २०२४ मध्ये तो आयपीएलमध्ये पुन्हा यष्टींमागे बसला. मधल्या पंधराएक महिन्यांत 'लिगामेंट' हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला. आता शेजारच्या काकूसुद्धा 'एसीएल गेलं' असं सहज म्हणतात.

म्हणूनच एक प्रश्न हमखास विचारला जातो. शर्यतीचा घोडाही खेळाडूच, आणि त्याच्यावर लागलेला पैसा काही कमी नसतो. मग गुडघ्याची लिगामेंट तुटल्यावर माणूस मैदानात परततो आणि घोडा बहुतेकदा का परतत नाही? 'घोड्याला उभंच राहावं लागतं ना' हे उत्तर आपण ऐकलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं सांगायचं तर आधी घोड्याचा गुडघा शोधावा लागेल. तो आपल्याला वाटतो तिथे नसतो.

गुडघा म्हणता तो मनगट निघाला

घोड्याच्या पुढच्या पायात मधोमध जो ठसठशीत सांधा दिसतो, त्याला सगळे गुडघा म्हणतात. घोडेवालेही म्हणतात, इंग्रजीतही तसंच म्हणतात. पण हाडांचा हिशोब मांडला तर ते घोड्याचं मनगट आहे. घोडा मधल्या एका बोटाच्या नखावर उभा असतो. त्या नखालाच आपण खूर म्हणतो. मागच्या पायात मागे टोक काढून वाकलेला जो सांधा दिसतो, तो उलटा वाकलेला गुडघा नव्हे, तो घोट्याचा सांधा आणि ते टोक म्हणजे टाच.

मग खरा गुडघा कुठे? मागच्या पायात, वर, पोटाच्या कडेला जिथे मांडी कुशीला चिकटल्यासारखी दिसते, तिथे. त्वचा आणि मांसाच्या आड तो इतका लपलेला असतो की वर्षानुवर्षं घोडा पाळणाऱ्यालाही नेमकं बोट ठेवता येईलच असं नाही. पशुवैद्य त्याला 'स्टायफल' म्हणतात. आपण या लेखात मागचा गुडघा म्हणू. मांडीचं हाड, नडगीचं हाड आणि पुढे वाटी, अशी त्याची रचना अगदी आपल्यासारखी आहे, फक्त त्यावर साडेचारशे-पाचशे किलोंचं धूड तोललेलं असतं.

ही नावांची गल्लत वरवर गमतीची वाटते, पण तिने खरं नुकसान होतं. घोडा मागून लंगडतो म्हटल्यावर मालक खूर बघतो, नाल बघतो, घोटा चाचपतो. मागच्या गुडघ्याची पाळी बहुधा सर्वांत शेवटी येते.

आत काय आहे? दोर आणि चुंबळी

लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट दोर. (स्नायू हाडाला बांधतो तो टेंडन, तो वेगळा. वर्तमानपत्रांत दोन्ही सर्रास 'स्नायू' होतात ते सोडून द्या.) मागच्या गुडघ्यात असे दोर बरेच आहेत. सांध्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकेक आहे. ते सांध्याला आडवं फाकू देत नाहीत. सांध्याच्या पोटात दोन दोर एकमेकांवर फुलीसारखे आडवे जातात. ते नडगीला पुढे-मागे सरकू देत नाहीत. पंतच्या बातम्यांच्या निमित्ताने आपण ज्याला एसीएल म्हणायला शिकलो तो यांतलाच पुढचा. आणि वाटीला खाली बांधणारे तीन दोर आहेत. माणसाला इथे एकच असतो. घोड्याला तीन का, ते पुढे येईलच.

दोरांशिवाय दोन गाद्या आहेत. डोक्यावर घागर घेताना खाली चुंबळ ठेवतात ती आठवा. घागरीचं बूड गोल, टेकण सपाट. मधे चुंबळ नसेल तर घागर डुगडुगेल. मांडीच्या हाडाची टोकं अशीच गोल आहेत आणि नडगीचा माथा जवळपास सपाट. मधे अर्धचंद्राकृती कूर्चेच्या दोन चुंबळी आहेत, त्यांना मेनिस्कस म्हणतात. आता यातली महत्त्वाची गोष्ट : या चुंबळी लहान लहान दोरांनी नडगीला बांधलेल्या असतात. घोड्यात आतल्या बाजूच्या चुंबळीचा पुढचा दोर सर्वांत जास्त मार खातो. त्यामुळे 'लिगामेंट गेलं' असं घोड्याच्या बाबतीत म्हणतात तेव्हा ते माणसासारखं एसीएलच असेल असं नाही. बऱ्याचदा चुंबळीचा दोर आणि त्याच्या लगतची चुंबळ यांची ती जोडदुखापत असते.

घोडा उभ्याउभ्या झोपतो कसा

वाटीच्या तीन दोरांचं रहस्य इथे आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, आतल्या बाजूने एक जाड उंचवटा असतो. घोडा विसावतो तेव्हा वाटी वर सरकवून तिचा आतला दोर त्या उंचवट्यावर अडकवतो, जशी दाराला कडी घालावी तशी. कडी बसली की पाय सरळ राहतो आणि तो तसा ठेवायला स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. दुसरा मागचा पाय तोवर खुराचं टोक टेकवून सैल सोडलेला. थोड्या वेळाने पाळी बदलते. लग्नाच्या वरातीआधी बँडवाल्यांच्या शेजारी डुलक्या घेणारा घोडा बघा, एक मागचा पाय असाच मुडपलेला दिसेल. (गाढ झोपेसाठी मात्र घोड्यालाही आडवं व्हावंच लागतं.)

काही घोड्यांत ही कडी अडकून बसते. पाऊल उचलायच्या वेळी ती सुटत नाही, पाय मागे ताठ राहतो, घोडा तो फरफटत नेतो आणि मग झटक्याने कडी सुटते. तरुण, मांडीचे स्नायू न भरलेले घोडे आणि छोटी तट्टं यांच्यात हे जास्त. यात लिगामेंट फाटलेलं नसतं, ते फक्त नको तिथे अडकत असतं. घोड्याला चार पावलं मागे चालवलं की बहुतेकदा ते सुटतं. चढावर चालवून, व्यायामाने मांडी भरली की अनेकांचा त्रास कायमचा जातो.

आपल्याकडे बैल आणि म्हशींमध्ये हाच आजार फार दिसतो. त्यावरचा इलाजही खेड्यापाड्यांतले पशुवैद्य नेहमी करतात : जागा बधिर करून तो आतला दोर सरळ कापायचा. जनावर लगेच नीट चालू लागतं, आणि पाहणाऱ्यांना जादू वाटते. म्हणून घोड्याचंही 'जरा कापून टाका ना डॉक्टर' असा आग्रह होतो. इथे सावध व्हायला हवं. घोड्यात तो दोर कापल्यावर वाटीचा तोल बिघडतो आणि तिच्या खालच्या टोकाचे तुकडे पडण्याचा धोका असतो. जो दोर कापायचा तो या प्राण्याच्या कामाचा आहे. त्यामुळे आधी व्यायाम, मग हवं तर दोराला सुईने किंवा बारीक पात्याने उभ्या चिरा देऊन तो जाड होऊ देणं, आणि कापणं अगदी शेवटी, असा क्रम आता पाळला जातो.

दोर तुटतो कसा

बहुधा वळताना. खूर जमिनीत रुतलेला किंवा नालेमुळे पकडलेला, आणि वरचं शरीर मात्र फिरलेलं. पोलोच्या मैदानात, अडथळ्यांच्या शर्यतीत लाकडाला गुडघा आपटून, खड्ड्यात पाय जाऊन, किंवा साध्या घसरण्याने. पाय बाजूला फाकला की आतल्या कडेचा दोर ताणला जातो. माथेरानच्या लाल मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवायला घेतले तेव्हा घोडेवाले तक्रार करत होते की यावर घोडे घसरतात. अनेकांना तो धंद्याचा कांगावा वाटला. मागच्या गुडघ्याची रचना पाहिली की ती तक्रार वेगळी वाटू लागते.

काही वेळा मात्र एकही मोठा अपघात घडलेला नसतो. रोजच्या वेगाने, रोजच्या वळणांनी दोराचे एकेक धागे उसवत जातात, आणि एक दिवस घोडा 'उगाच' लंगडू लागतो.

निदान : दुखतंय कुठे हे घोडा सांगत नाही

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग ऑपरेशन नाही, हा आहे.

घोडा हे शिकार होणारं जनावर. रानात जो लंगडतो त्याला आधी गाठलं जातं, म्हणून दुखणं झाकणं त्याच्या रक्तात आहे. त्यात मागच्या पायाचं लंगडणं पुढच्यापेक्षा ओळखायला कठीण. पुढचा पाय दुखत असेल तर घोडा दुडकीत मान झटकतो, ते कुणालाही दिसतं. मागचा दुखत असेल तर मागच्या पुठ्ठ्याची (ढुंगणाची) एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वर-खाली होते. ते दिसायला डोळा तयार लागतो.

म्हणून पहिली तपासणी म्हणजे नुसतं बघणं. सरळ रेषेत चालवून, दुडकीने पळवून, कडक जमिनीवर, मऊ जमिनीवर, आणि मग लांब दोरावर गोल गोल. जुन्या मराठीत या गोल फिरवण्याला 'कावा' म्हणत. वळणावर आतल्या पायाचा सांधा वेगळ्या तऱ्हेने पिळला जातो, त्यामुळे सरळ चालताना झाकलेलं दुखणं असं गोल फिरवताना उघडं पडतं. अमेरिकन पद्धतीत लंगडण्याला ० ते ५ असे अंक देतात. ० म्हणजे काहीच नाही, ५ म्हणजे पाय टेकवतच नाही.

मग पाय वर मुडपून काही वेळ धरायचा आणि सोडल्या सोडल्या पळवायचं. लंगडणं वाढलं तर मुडपलेल्या सांध्यात दोष. ऐकायला सरळ, पण घोड्याच्या मागच्या पायात निसर्गाने एक खोडी करून ठेवली आहे. मागचा गुडघा आणि घोटा एकमेकांना दोरांनी असे जोडलेले आहेत की एक वाकला की दुसरा वाकतोच. वेगळे वाकवताच येत नाहीत. म्हणजे ही परीक्षा फार तर 'या दोघांपैकी कुणीतरी' इतकंच सांगते.

पुढची पायरी बधिर करण्याची. खालच्या पायात एकेक नस बधिर करत वर येता येतं. लंगडणं जिथे थांबलं तिथे दोष. मागच्या गुडघ्याला अशी सोयीची नस नाही. सांध्यातच इंजेक्शन द्यावं लागतं. त्यात भर म्हणजे या सांध्याच्या तीन खोल्या आहेत : एक वाटीची आणि दोन चुंबळींच्या. काही घोड्यांत खोल्यांमधली दारं उघडी असतात, काहींत बंद. एका खोलीत घातलेलं औषध दुसरीत जाईल यावर विसंबता येत नाही, म्हणून तिन्ही खोल्यांत वेगवेगळ्या सुया. मग अर्धा तास, कधी तासभर थांबून पुन्हा पळवायचं. तरीही लिगामेंटच्या दुखण्यात घोडा पूर्ण सुधारेल असं नाही, थोडा सुधारतो. त्या 'थोडा' वर निर्णय घ्यावा लागतो.

एवढी यंत्रं आहेत, मग फोटो काढून का दिसत नाही?

एक्स-रेत हाडं दिसतात, दोर दिसत नाहीत. तंबूचा फोटो काढला आणि त्यात फक्त खांब उमटले, असं समजा. तरी एक्स-रे काढतात, कारण दोर तुटताना कधी कधी आपली खुंटीच उपटून आणतो. हाडाचा तसा तुकडा दिसला की कुठला दोर गेला ते कळतं. कडेचा दोर पूर्ण तुटला असेल तर पाय बाजूला ओढून धरून काढलेल्या फोटोत सांधा एका बाजूने फाकलेला दिसतो.

सोनोग्राफी इथे खरी कामाची. कडेचे दोर, वाटीचे दोर, चुंबळींच्या कडा तिच्यात चांगल्या दिसतात, घोडा उभा असताना, बेशुद्ध न करता. फुलीचे दोर मात्र खोल दडलेले असल्याने नीट पकडीत येत नाहीत.

आणि एमआरआय? पंतच्या गुडघ्याला जे यंत्र लागलं ते घोड्याच्या गुडघ्याला का नाही? उत्तर अगदी गावठी आहे : घोडा त्यात मावत नाही. खूर मावतो, घोटा मावतो. पण मागचा गुडघा पोटाला लागून असल्याने तो यंत्राच्या बोगद्याच्या मध्यावर आणायचा तर अर्धा घोडा आत कोंबावा लागतो. रुंद तोंडाची यंत्रं आणि सांध्यात औषध सोडून काढलेले सीटी स्कॅन जगात मोजक्या ठिकाणी होतात, तेही बहुधा पूर्ण भूल देऊन.

उरतो तो दुर्बिणीचा मार्ग. आपल्याकडे माणसांच्या बाबतीत ज्याला 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणतात तेच. साधारण ४ मिलिमीटर जाडीची नळी सांध्यात घालून आत डोकावायचं. पण इथेही घर दाराच्या फटीतूनच दिसतं. चुंबळींची पुढची आणि मागची टोकं दिसतात. मधला मोठा भाग मांडीच्या हाडाखाली दबलेला असतो, तो दिसतच नाही. फुलीचा दोर पातळ पडद्याआड असतो. मागून शिरायचं तर तिथे मोठी रक्तवाहिनी आहे, आणि बाहेरच्या बाजूला पायाची महत्त्वाची नस. अमेरिकेत २०१४ मध्ये इंजेक्शनच्या सुईइतक्या बारीक दुर्बिणीने, घोडा उभा ठेवून, फक्त गुंगी देऊन सांध्यात पाहता येतं हे दाखवलं गेलं. हे मोठंच पाऊल आहे, कारण निदानासाठी घोड्याला आडवं करावं लागत नाही. आडवं करण्याची किंमत काय असते ते आता पाहू.

शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात?

इथे बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो. घोड्याच्या मागच्या गुडघ्यात शिरलेला सर्जन सहसा तुटलेला दोर जोडत नाही. तो साफसफाई करतो. दोराचे लोंबणारे, उसवलेले धागे कापतो, चुंबळीचा फाटून सांध्यात अडकणारा तुकडा काढतो, उपटून आलेला हाडाचा कपचा बाहेर काढतो, कूर्चा घासलेली असेल तिथे खरवडून कड गुळगुळीत करतो आणि सांधा धुतो. लोंबते धागे आत राहिले तर ते सांध्याला सतत चिडवत राहतात, सूज येते, कूर्चा झिजते. साफसफाईने हे चक्र थांबतं. दोर भरून येण्याचं काम शरीराचं.

आणि शरीर ते काम हळू आणि ओबडधोबड करतं. लिगामेंटला रक्तपुरवठा कमी. भरून आलेला भाग मूळच्या सरळ, एकाच दिशेने पिळलेल्या धाग्यांसारखा नसतो, तो गाठ मारलेल्या दोरासारखा असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ वाचतो पण पीळच जातो.

परिणाम काय? ब्रिटनमध्ये चुंबळ फाटलेल्या ८० घोड्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुर्बिणीतून उपचार केल्यावर सौम्य आणि मध्यम फाटीचे निम्म्याहून अधिक घोडे पूर्ण कामावर परतले. गंभीर फाटीच्या गटात हे प्रमाण शंभरात ६ इतकं कोसळलं. फुलीचा दोर पूर्ण तुटलेला असेल तर सोबत कडेचा दोर आणि चुंबळही गेलेली असण्याची शक्यता मोठी, आणि तेव्हा शर्यतीचा विचार सोडूनच द्यावा लागतो.

आडवा केलेला घोडा उठवायचा कसा

ऑपरेशनसाठी घोड्याला पूर्ण भूल देऊन, चारही पाय बांधून साखळीच्या यारीने उचलतात आणि जाड गादीच्या टेबलावर उताणा झोपवतात. पाचशे किलोंचं शरीर उताणं पडलं की पोटातली आतडी फुप्फुसांवर दाब टाकतात. स्नायू स्वतःच्याच वजनाखाली चेपले जातात, त्यांना रक्त कमी पोचतं. जितका वेळ जास्त तितका धोका जास्त.

पण खरी घालमेल ऑपरेशन संपल्यावर सुरू होते. घोड्याला भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत ठेवतात. शुद्ध येऊ लागली की त्याची एकच प्रेरणा असते : उठा आणि पळा. अर्धवट गुंगीत, लटपटत्या पायांवर, नुकतंच ऑपरेशन झालेल्या सांध्यासकट. डोक्याला आणि शेपटीला दोर बांधून माणसं त्याला सावरतात, तरी पाय मोडतो तो याच वेळी. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४१,८२४ भुलींच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, पोटशूळाचे रुग्ण वगळले तरी, शंभरातला जवळजवळ एक घोडा (०.९ टक्के) भुलीच्या काळात किंवा नंतर आठवडाभरात दगावला होता. एकूण मृत्यूंपैकी सुमारे पाव मृत्यू हाडं मोडल्यामुळे. २०२१ च्या नव्या पाहणीत हा आकडा ०.६ पर्यंत खाली आला आहे. निरोगी माणसाच्या भुलीशी या आकड्याची तुलनाच होत नाही.

'घोड्याला उभंच राहावं लागतं' या उत्तराचा खरा अर्थ असा आहे.

मग झुल्यात का टांगून ठेवत नाहीत?

ठेवतात, काही तास, काही दिवस. आठवडेच्या आठवडे मात्र जमत नाही. पट्ट्यांचा दाब छाती-पोटावर येतो, कातडी सोलवटते आणि बरेच घोडे घाबरून धडपडतात. पाण्याच्या टाकीत तराफ्यावर शुद्धीवर आणण्याची सोयही जगात थोड्या ठिकाणी आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या प्रीकनेस शर्यतीत बार्बारो नावाच्या घोड्याचा मागचा पाय मोडला. दुखापत गुडघ्याची नव्हती, खालच्या हाडांची होती, पण गोष्ट तीच. ऑपरेशन उत्तम झालं, पाण्यातूनच त्याला उठवलं. मोडलेला पाय बराच जुळलाही. पण वजन दुसऱ्या पायांवर गेलं आणि त्यांच्या खुरांतलं मांस सुजून नखापासून सुटू लागलं. याला लॅमिनायटिस म्हणतात. जानेवारी २००७ मध्ये त्याला कायमचं झोपवावं लागलं. दुखऱ्या पायाची काळजी घेताना डॉक्टरांना सगळ्यात जास्त धास्ती धडधाकट पायाचीच असते.

माणसाला नवं लिगामेंट बसवतात, कुत्र्यालाही ऑपरेशन करतात. घोड्यालाच का नाही?

माणसात तुटलेल्या एसीएलच्या जागी त्याच्याच मांडीतला किंवा वाटीखालचा टेंडन काढून बसवतात. तो नवा दोर हाडात रुजायला महिने लागतात, तोवर कुबड्या, पट्टा, फिजिओथेरपी. पहिल्या दिवशी पूर्ण वजन देऊन उडी मारायची नाही, एवढं रुग्णाला कळतं. घोडा तर भुलीतून उठतानाच त्या दोरावर उडी मारतो. एवढ्या वजनाला पुरेल असा दोर घोड्याच्या शरीरातून दुसरीकडचं काही न बिघडवता काढायचा कुठून, हाही प्रश्न आहेच.

कुत्र्यात दोर बदलण्याऐवजी नडगीचं हाड कापून त्याचा उतार बदलतात आणि पट्टी-स्क्रूने पक्कं करतात. मग त्या दोराची गरजच कमी होते. कल्पना सुंदर आहे. पण तीस किलोंचा कुत्रा आठ आठवडे तीन पायांवर मजेत राहतो. घोड्याचं एक हाड मुद्दाम कापून त्याला लगेच त्यावर उभं करणं म्हणजे दुखापत बरी करायला दुसरी दुखापत करणं.

स्टेम सेलने बरं होतं म्हणतात, ते कितपत खरं?

घोड्याच्याच अस्थिमज्जेतून या मूळ पेशी घेऊन, प्रयोगशाळेत वाढवून सांध्यात सोडतात. २०१४ मध्ये मागच्या गुडघ्याच्या ३३ घोड्यांचे निकाल प्रसिद्ध झाले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर या पेशी दिल्यावर सुमारे तीन चतुर्थांश घोडे कोणत्या ना कोणत्या पातळीच्या कामावर परतले. आशादायक आहेच. पण पेशी न दिलेले घोडे शेजारी ठेवून केलेली ती तुलना नव्हती, आणि ३३ हा आकडा लहान. स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनांचंही असंच. 'स्टेम सेलने नवा गुडघा' अशी जाहिरात कुणी करत असेल तर खिशाला हात लावण्याआधी त्याला विचारावं की सोबत किती महिन्यांची विश्रांती दिली होती.

कारण विश्रांती हाच या उपचाराचा मुख्य भाग आहे. साधारण आखणी अशी असते : पहिले दोनेक आठवडे ठाणावर, म्हणजे तबेल्यातल्या त्याच्या जागीच. मग लगाम हातात धरून दिवसाला काही मिनिटं चालवणं, ती मिनिटं आठवड्याआड वाढवत नेणं. मधे सोनोग्राफी. मग लहान आवारात मोकळं सोडणं. स्वाराचं वजन पाठीवर यायला तीन ते सहा महिने, गंभीर इजेत वर्षही. पुणे-मुंबईच्या शर्यतींचा मोसम कुणासाठी थांबत नाही, आणि माथेरानच्या घोडेवाल्याचं तर रोजचं पोट त्या पाठीवर असतं. त्यामुळे घोडा 'बरा दिसतोय' म्हटल्यावर दोन महिन्यांतच तो कामाला जुंपला जातो आणि अर्धा भरलेला दोर पुन्हा उसवतो. शर्यतीला निरुपयोगी ठरलेला घोडा सावकाश चालण्याच्या कामाला किंवा पैदाशीला उत्तम असू शकतो, हेही मालकाला त्याच वेळी सांगायला हवं.

घोडा घेताना काय बघाल?

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाणकार गिऱ्हाईक घोड्याच्या केसांतले भोवरे मोजतात, देवमण (शुभ मानलेला एक भोवरा) आहे का बघतात, पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं) असेल तर किंमत चढते. दातांवरून वय काढतात. या सगळ्यात अर्धा तास जातो. विकणारा घोड्याला मातीत नाचवून दाखवतो, आणि सौदा होतो.

भोवरे जरूर बघा, श्रद्धेचा प्रश्न आहे. पण त्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं मागच्या गुडघ्याला द्या. घोड्याच्या मागे उभं राहून दोन्ही मांड्यांचा भराव सारखा आहे का बघा. दुखऱ्या बाजूची मांडी वाळते. वाटीच्या खाली, दोरांच्या मधल्या खोबणीत हात फिरवा. फुग्यासारखा मऊ फुगवटा लागला तर आत पाणी आहे. नाचवू नका म्हणावं, दुडकीने सरळ पळवून दाखवा. मग दोन्ही बाजूंनी लहान गोलात फिरवा, आणि उताराच्या जागी चालवा. दुखणं दाबणारं इंजेक्शन दिलेलं असेल तर हे सगळं ठीक दिसेल, म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, न सांगता, पुन्हा जा. घोडा रात्रभर ठाणावर उभा राहिलेला असेल. त्याला बाहेर काढायला सांगा आणि पहिली चार पावलं मागे घ्यायला लावा.